ओठ-टाळू दुभंगलेलं बाळ: घराने काय करायचं आणि कधी

बाळंतिणीच्या खोलीबाहेर पहिला प्रश्न येतो तो ऑपरेशनचा. कधी होणार, खर्च किती, व्रण राहणार का. प्रश्न रास्त आहे. पण ओठाचं ऑपरेशन निदान तीन महिने लांब असतं, टाळूचं (म्हणजे तोंडातल्या छताचं) त्याच्याही पुढे, आणि दातांचं, नाकाचं काम मूल सोळा-अठरा वर्षांचं होईपर्यंत अधूनमधून चालतं. मधला सगळा काळ घराने निभवायचा असतो. दूध कोण पाजणार, रात्री कोण उठणार, पाहुण्यांना काय सांगायचं, रोजगार बुडवून हॉस्पिटलला कोण जाणार, शाळेत चिडवलं तर काय करायचं. हा लेख त्याबद्दल आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिल्या वर्षी दोन गोष्टींवर नजर ठेवा, बाळाचं वजन आणि आईची झोप. या दोन्ही जागेवर असल्या की पुढचं वेळापत्रक गाठता येतं.

पहिले दोन-तीन दिवस

सगळ्यात आधी घरच्या सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट बोलून घ्या की यात आईची चूक नाही. शक्यतो डॉक्टरांनाच ते सांगायला लावा, आणि ते ऐकायला सासूबाई, नणंद, जाऊ समोर असू द्या. कारण ग्रहणाची चौकशी होणारच. ग्रहण पाळलं होतंस का, त्या दिवशी भाजी चिरलीस का, सुईत दोरा ओवलास का. गर्भात ओठ जुळतो चौथ्या ते सातव्या आठवड्यात, आणि टाळू सहाव्या ते नवव्या. त्या वेळी बऱ्याच बायकांना पाळी चुकल्याचं नुकतंच कळलेलं असतं, काहींना तेही नाही. ज्या देशांत ग्रहण कोणी पाळत नाही तिथेही अशी बाळं जन्मतात. ढोबळमानाने 700 ते 1000 जन्मांमागे एक. आनुवंशिकता, आईचा मधुमेह, फिट्सची काही औषधं, धूम्रपान अशी कारणं माहीत आहेत, पण बहुतेक घरांत एकच एक कारण सापडत नाही.

हे बोलायची जबाबदारी नवऱ्याची आहे. बाळंतपण माहेरी असेल आणि तो मुंबईत किंवा पुण्यात नोकरीला असेल तर फोनवर, पण त्यानेच, आणि त्याच्या आईशी. सुनेने स्वतःची बाजू मांडत बसणं यासारखं थकवणारं दुसरं काही नाही.

डिस्चार्ज घेण्याआधी एवढं करून घ्या. बाळाच्या तोंडात टॉर्च मारून टाळू अगदी मागपर्यंत पाहिली का, ते विचारा. ओठ अखंड असून फक्त मागची टाळू दुभंगलेली असेल तर ती नजरेतून सुटू शकते आणि दूध नाकातून यायला लागल्यावर कळते. हृदयाची तपासणी, ऐकण्याची तपासणी आणि खालचा जबडा फार लहान तर नाही ना, हे बालरोगतज्ज्ञांकडून नोंदवून घ्या. जबडा लहान, जीभ मागे पडतेय, श्वास घेताना घरघर आणि छातीत खड्डा पडतोय, अशा बाळाला घरी न्यायची घाई करू नका. त्याला कसं झोपवायचं हे डॉक्टरच ठरवतात.

दूध पाजणं

इथे घरं सगळ्यात जास्त घाबरतात, आणि थोडी माहिती असली की सगळ्यात लवकर सावरतात.

फक्त ओठ दुभंगलेला असेल तर बरीच बाळं अंगावर पितात. आईने बाळाला जरा उभं धरून ओठाची फट स्तनाने किंवा बोटाने झाकली की जमतं. टाळू दुभंगलेली असेल तर मात्र बाळाला दूध ओढता येत नाही, कारण तोंड आणि नाक यांच्यामध्ये पडदाच नाही. बाळ तासभर अंगावर राहतं, दमतं, झोपतं, आणि पोट रिकामंच. आईला वाटतं पाजलं, पण वजन वेगळंच सांगतं. अशा बाळासाठी आईचं दूध काढून गोकर्णाने (चोच असलेल्या छोट्या भांड्याने), बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजायचं. गोकर्ण आपल्या घरांना नवं नाही. आजीला ते धरता येतं, आणि यामुळे पाजायचं काम एकट्या आईवर राहत नाही. काही हॉस्पिटलं दाबता येणाऱ्या खास बाटल्या देतात, त्याही चालतात. साधी बाटली आणि निप्पल मात्र टाळा: बाळाला ओढता येत नाही, आणि निप्पलचं भोक मोठं केलं की ठसका लागतो.

पाजायची पद्धत अशी. बाळाला जवळपास बसतं धरा, डोकं हातावर टेकवा. थोडं थोडं दूध गालाच्या बाजूने सोडा, गिळलं की पुढचा घोट. मध्ये दोन-तीनदा खांद्यावर घेऊन ढेकर काढा, कारण ही बाळं हवा फार गिळतात. एक वेळचं पाजणं वीस ते तीस मिनिटांत संपवा. त्यापुढे बाळ मिळवतं त्याहून जास्त शक्ती खर्च करतं. नाकातून दूध आलं तर थांबा, पुसा, पुन्हा सुरू करा. ते दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा नेहमीचंच. ओठ निळे पडणं, श्वास अडकणं, पाजताना दर वेळी खोकल्याची उबळ येणं हे नेहमीचं नाही, लगेच दाखवा.

पहिल्या दिवसांतला चीक वाया घालवू नका. काढलेलं दूध आपल्या उकाड्यात चार तासांत वापरा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. गोकर्ण, वाटी, चमचा प्रत्येक वेळी धुऊन उकळा.

न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींशी पहिल्याच दिवशी बोला. टाळू साफ करायला तोंडात बोट घालायचं नाही, नाक वर काढायला ओढायचं नाही, नाकात-कानात तेल सोडायचं नाही. अंगाला तेल खुशाल लावू द्या. बाळगुटीचं आणि मधाचं चाटण नको. मध तर वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला नको. मावशींना राग येईल असं वाटत असेल तर डॉक्टरांचं नाव पुढे करा, त्यासाठीच ते असतात.

वजनाची वही

जन्मानंतर वजन थोडं उतरतं, ते दोन आठवड्यांत जन्माच्या आकड्यावर परत यायला हवं. पुढचे तीन महिने रोज सरासरी 20 ते 30 ग्रॅम वाढ धरा. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात वजन करा आणि तारखेसह लिहा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील किंवा सलग दोन आठवडे वजन हललं नाही तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

एवढा काटेकोरपणा का, तर ओठाच्या ऑपरेशनचा जुना ठोकताळा तिहेरी दहाचा आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. आज बहुतेक ठिकाणी ओठ तीन ते सहा महिन्यांत आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांत शिवतात, पण वजन आणि रक्त कमी म्हणून तारीख पुढे जाते ती अजूनही. टाळूची तारीख फार पुढे गेली की बोलण्यावर परिणाम होतो.

आई, बाबा आणि बाकीचं घर

बाळ झोपलं तरी आई झोपत नसेल, दोन आठवड्यांनंतरही रोज रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर 'बाळंतपणात होतं असं' म्हणून सोडू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि बाळाला दूध पाजत असताना घेता येतील अशी औषधंही डॉक्टर देऊ शकतात. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. मी जगून काय करू, बाळालाच संपवते, असं काही तोंडातून निघालं तर तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

झोपेची वाटणी कागदावर करा. रात्री दहा ते दोन एक माणूस, दोन ते सहा दुसरा. दूध काढून ठेवलं असेल तर गोकर्णाने पाजायला बाबा, आजी, मावशी कोणीही चालतं. आईला सलग चार-पाच तास झोप मिळाली की घराचा सूर बदलतो. माझ्या मते बाबांसाठी ही उत्तम जागा आहे. पुष्कळ बाबा पैशांची आणि गाडीची सोय बघतात आणि आपण केलं असं समजतात. बाळ मात्र हातात घेत नाहीत, कारण भीती वाटते. पाजायला शिकलेला बाबा घाबरत नाही.

बारसं करा. पुढे ढकलू नका, 'ऑपरेशन झाल्यावर मोठं करू' नको. फोटो काढा, ओठ झाकून नव्हे. त्या चेहऱ्याचे फोटो मुलाला पुढे बघायचे असतात, डॉक्टरांनाही लागतात. पाहुण्यांसाठी एक वाक्य ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच बोला: 'ओठ जन्मतः जुळलेला नाही, तीन-चार महिन्यांनी ऑपरेशन आहे, दूध नीट पितोय.' शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे, विषय तिथून बाळाच्या तब्येतीकडे वळतो. दृष्टीचा काजळाचा टिळा लावायचा तर लावा, फक्त डोळ्यांत काजळ नको.

मोठं भावंड असेल तर त्याला खरं सांगा. पाच वर्षांच्या मुलीला 'बाळाला बाऊ झालाय' म्हटलं तर ती वाट बघते की बाऊ बरा होईल, आणि आपण ढकललं म्हणून झाला का, अशी शंकाही मनात धरते. 'पोटात असतानाच असं झालं, कुणी काही केलं नाही, डॉक्टर शिवणार आहेत' इतकं पुरतं. दिवसातली पंधरा मिनिटं तिची एकटीची राखून ठेवा. हॉस्पिटलच्या वाऱ्यांत मोठ्या मुलाचा वाढदिवस विसरला जातो, आणि ती गोष्ट ते वर्षानुवर्षं बोलून दाखवतं.

फाईल, योजना, प्रवास

एक प्लॅस्टिकची फाईल घ्या आणि तिच्यात जन्माचा दाखला, रेशनकार्ड, सगळ्यांची आधार, लसीकरणाचं कार्ड, वजनाची वही, प्रत्येक ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद तारखेप्रमाणे लावा. मोबाईलमध्ये सगळ्याचे फोटो. सात वर्षांनी दुसऱ्या शहरातला डॉक्टर विचारतो, टाळू कोणत्या पद्धतीने शिवली होती. उत्तर कागदावरच असतं.

पैशांआधी हे माहीत करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या व्याधी त्यात मोफत उपचारांसाठी धरल्या आहेत त्यांत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. आशाताई किंवा अंगणवाडीसेविकेला सांगितलं की त्या या कार्यक्रमाच्या तपासणी पथकापर्यंत पोचवतात. पुढची गाठ जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राशी, म्हणजे ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात त्याच्याशी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्यालाच विचारा की तुमच्या मुलाचं नेमकं ऑपरेशन यादीत बसतं का. चौकशीचा क्रमांक 155388. याशिवाय 'स्माईल ट्रेन' ही संस्था भागीदार हॉस्पिटलांमार्फत मोफत ऑपरेशनं करवते. गावात लागलेल्या शिबिराबद्दल एकच खबरदारी: शिबिर संपल्यावर टाके, बोलणं, दात कोण बघणार, हे आधी विचारा. ओठ शिवून निघून जाणाऱ्यांपेक्षा जिथे सर्जन, दंततज्ज्ञ, कान-नाक-घसा आणि वाचा उपचारतज्ज्ञ एका छताखाली आहेत ते ठिकाण चार तास लांब असलं तरी परवडतं. मुंबईची महापालिका आणि सरकारी वैद्यकीय कॉलेजं, पुण्याचं ससून, नागपूरचं शासकीय मेडिकल आणि डेंटल, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज इथून चौकशीची सुरुवात करता येते.

खरा खर्च योजनेबाहेर होतो: बस, नाश्ता, बुडालेली मजुरी. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आई आणि आजी अशी जोडी स्वस्त पडते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर मुकादमाकडून उचल घेण्याआधीच ऑपरेशनची तारीख ठरवावी. एकदा टोळी निघाली की चार-पाच महिने परत येणं होत नाही, आणि टाळूचं वय तेवढ्यात निघून जातं. तारीख हंगामाच्या आधीची मागा, डॉक्टरांना कारण सांगा.

काही केंद्रं ऑपरेशनआधी नाकाला आणि हिरडीला वळण देणारं साचेदार यंत्र बसवतात. ते पहिल्या काही आठवड्यांत सुरू करावं लागतं आणि जवळपास दर आठवड्याला जावं लागतं. नाक छान येतं हे खरं. पण दोनशे किलोमीटरवरून दर आठवड्याला येऊन नोकरी जाणार असेल, तर त्याशिवायही चांगलं ऑपरेशन होतं हे विचारून घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका.

ऑपरेशनच्या आसपास

भूल देण्याआधी पोट रिकामं हवं: आईचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध आणि अन्न सहा तास, साधं पाणी दोन तास. नेमकं वेळापत्रक भूलतज्ज्ञ सांगतील. बाळ रडतं, आजीला बघवत नाही, कोपऱ्यात जाऊन चमचाभर दूध दिलं जातं, आणि भीतीपोटी ते लपवलं जातं. भूल चढताना ते दूध श्वासनळीत जाऊ शकतं. म्हणून आजीला कारण समजावून सांगा, नुसतं 'देऊ नका' पुरत नाही. दिलंच असेल तर सांगून टाका; ऑपरेशन काही तास पुढे जाईल इतकंच.

सर्दी-खोकला, ताप असेल तर तारीख पुढे जाते. गावाहून येऊन परत जावं लागलं तरी ते बाळाच्या हिताचं आहे. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून बाळाची तब्येत सांगितली तर फेरा वाचतो.

नंतर काही दिवस बाळाने टाक्यांना हात लावू नये म्हणून कोपराला पट्टी बांधतात. वरचं खाणं सुरू झालेल्या बाळाला पातळ, गार, दाणे नसलेलं खाणं: भाताची पेज, मुगाच्या वरणाचं पाणी, दूध, पातळ खिमटी. टाळूच्या ऑपरेशननंतर चमचा तोंडात खोल घालायचा नाही, पोळीचा तुकडा, बिस्किट, खेळणं तोंडात जाऊ द्यायचं नाही. किती दिवस, ते तुमचे सर्जन सांगतील. ओठ शिवून चेहरा बदलल्यावर काही आयांना रडू येतं, आपलं बाळ ओळखीचं वाटत नाही. हे होतं, आणि काही दिवसांत जातं.

ऐकणं आणि बोलणं

टाळू दुभंगलेल्या जवळपास सगळ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल तर कान आधी तपासा. नाहीतरी दर सहा महिन्यांनी श्रवण तपासणी करा.

बोलण्यात काय होतं ते मराठी घरांत फार लवकर ऐकू येतं. म आणि न यांना नाकातून हवा लागतेच, त्यामुळे ते छान निघतात. प, ब, त, क यांना तोंडात दाब लागतो, आणि हवा नाकात निसटली की 'पाणी'चं 'माणी' होतं, 'बाबा'चं 'मामा'. बाबांनी मनाला लावून घेऊ नये. टाळू शिवल्यावर लगेच, मूल दीड वर्षाचं होण्याआधीच वाचा उपचारतज्ज्ञाला दाखवा. फुगे फुगवणं, शिट्ट्या, पिपाण्या, मेणबत्ती विझवणं यांनी बोलणं सुधारत नाही. ज्या आवाजाचा त्रास आहे त्याच आवाजाचा, शब्दात, रोज थोडा सराव हवा: दहा मिनिटं, जेवणाआधी, खेळत. वेखंड घासून जिभेला लावू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा आणि श्रवण दोन्ही तपासता येतं. लांब राहणाऱ्यांनी फोनवरून व्हिडिओ सराव मिळतो का ते विचारावं. नियमित सराव करूनही बोलणं नाकातच राहिलं तर तो मुलाचा आळस नाही. काही मुलांना टाळूचं दुसरं ऑपरेशन लागतं.

शाळा आणि पुढे

बालवाडीत घालताना बाईंना आधीच भेटा आणि तीन गोष्टी सांगा: मुलाला समजतं सगळं, ऐकायला पुढच्या बाकावर बसवा, वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. पाठ करून म्हणण्याच्या स्पर्धेतून त्याला वगळू नका आणि जबरदस्तीने उभंही करू नका, त्यालाच विचारा. चार-पाच वर्षांच्या मुलाला उत्तर तयार करून द्या: 'माझा ओठ जन्मतः वेगळा होता, ऑपरेशन केलंय. चल, खेळू.' घरी आळीपाळीने सराव करा. चिडवणं रोजचं झालं, मूल शाळेला जायला पोट दुखतं म्हणू लागलं, तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. आणि घरातल्या कोणी, अगदी लाडाने, 'गेंगाण्या' म्हणत असेल तर ते आजच बंद.

दात किडू देऊ नका; दुभंगलेल्या जागेजवळचे दात वाकडे येतात आणि पटकन किडतात. सात-आठ वर्षांच्या सुमारास दंततज्ज्ञांकडे नियमित जा, कारण हिरडीतल्या फटीत कमरेचं हाड बसवण्याचं ऑपरेशन पक्का सुळा येण्याआधी, साधारण आठ ते अकरा या वयात करतात. ही वेळ पुष्कळ घरांच्या हातून निसटते: ओठ छान दिसतोय, मग परत कशाला जायचं.

नाकाचं आणि जबड्याचं शेवटचं काम वाढ थांबल्यावर, सोळा-अठराच्या पुढे. ते करायचं की नाही हे आता मुलाने ठरवायचं. बारा-तेरा वर्षांपासून डॉक्टरांशी त्याला थोडा वेळ एकट्याने बोलू द्या. 'लग्नाच्या वेळी अडचण येईल' हे वाक्य मुलींच्या कानावर लवकर पडतं. तेवढ्यासाठी ऑपरेशन लादू नका, दहावीच्या परीक्षेच्या वर्षात तर नकोच.

पुढच्या बाळाचा विचार

आईवडिलांपैकी कुणालाच हा दोष नसेल तर पुढच्या बाळाला होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन ते पाच. आईच्या किंवा बाबांच्या खालच्या ओठावर जन्मापासून छोटे खड्डे असतील, किंवा मुलाला हृदयाचा दोष आहे, तर हा आकडा खूप बदलू शकतो. जनुकीय सल्ला घ्या. दिवस राहण्याच्या आधी निदान महिनाभर रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा, तुम्हाला जास्त डोस हवा का ते डॉक्टर ठरवतील. मिश्री, तंबाखू, घरातलं बिडी-सिगारेट ओढणं बंद. फिट्सची गोळी चालू असेल तर स्वतःहून सोडू नका, आधी डॉक्टरांशी बोलून बदलून घ्या. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ओठ बहुतेक वेळा दिसतो, एकटी टाळू सहसा दिसत नाही. म्हणून अहवाल चांगला आला तरी प्रसूतीनंतर टॉर्च मारून टाळू बघायला सांगायचंच.